पाहुणा आठ हातांचा, मुक्काम वर्षाचा

पूर्वी काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे सोडले की मुले खूश असत. हल्ली तेवढ्यावर भागत नाही. ‘माय ऑक्टोपस टीचर’ हा २०२० सालचा माहितीपट पाहिला, की “आई, आपणही छोटासा ऑक्टोपस पाळू या ना!” ही भुणभुण सुरू होते. वर्गात मलाही मुले विचारून भंडावतात. हट्ट मुलांचा, पण टाकी पुसायचे काम शेवटी कोणाकडे येते, हे मैत्रिणींनो, मी तुम्हांला काय सांगायला हवे! म्हणून हो-नाही म्हणण्याआधी या पाहुण्याचे पथ्यपाणी समजून घेऊ या.

पाळणे अशक्य मात्र नाही बरं का. अमेरिकेत ओक्लाहोमा या समुद्र नसलेल्या राज्यात एका कुटुंबाने २०२३ साली मुलाच्या हौसेखातर ऑक्टोपस आणला. जात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची, दोन्ही डोळ्यांखाली एकेक निळा ठिपका असलेली. नाव ठेवले टेरन्स. हा टेरन्स निघाला मादी! तिने अंडी घातली आणि २०२४ साली घरात सुमारे ५० पिल्ले झाली. मादी नराचे बीज बरेच दिवस साठवून ठेवू शकते, हे घरच्यांना कोठून ठाऊक असणार?

पाणी आणि टाकी

अशा एका ऑक्टोपसाला निदान २०० लिटरची टाकी हवी. पाणी समुद्राइतके खारे, म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार. स्वयंपाकातले मीठ चालत नाही, मत्स्यालयासाठीचे मिश्रण आणावे लागते. टाकी भरली की लगेच प्राणी सोडायचा नाही. त्याच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात वाढायला दोन-तीन महिने लागतात. दही लागेपर्यंत आपण भांडे हलवत नाही, तसेच हे.

या जातीला पाणी लागते साधारण १८ ते २२ अंशांचे. आपल्याकडच्या मे महिन्यात त्यासाठी वेगळे यंत्र लावावे लागेल. वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला तर त्याचा जीव लवकर घाबरा होतो. आणखी एक. तांब्याच्या हंड्याकळशीतले पाणी आपण आरोग्याचे मानतो, पण पाण्यातले तांबे याला विष. गंमत अशी, की त्याचे रक्त निळे असते ते रक्तातल्या तांब्यामुळेच!

झाकण घट्ट हवे. अंगात हाड एकही नाही. कठीण असते ती फक्त चोच. चोच शिरेल त्या फटीतून सगळा देह बाहेर पडतो. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मत्स्यालयातून २०१६ साली इंकी नावाचा ऑक्टोपस असाच निसटला आणि सांडपाण्याच्या नळातून थेट समुद्रात गेला.

खाणे आणि खेळ

याला खेकडे नि कोलंबी लागते, तीही शक्यतो जिवंत. सोबतीला मासे ठेवले तर तेही फस्त करील, म्हणून तो एकटाच ठेवावा. पण एकटा ठेवला म्हणून रिकामा ठेवून चालत नाही. भारी हुशार प्राणी! बरणीत खेकडा घालून झाकण लावून दिले, तर तो झाकण फिरवून उघडतो. असा उद्योग त्याला वरचेवर द्यावा लागतो.

मुक्काम किती?

खरी अडचण इथे आहे. छोट्या जातींचे आयुष्य वर्षभराचे, फार तर दीड-दोन वर्षांचे. अंडी घातली की मादी खाणे सोडते, अंड्यांवर पाण्याचा झोत सोडत बसते आणि पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारास मरते. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढून पाहिल्या. माद्यांनी अंडी सोडली, त्या पुन्हा खाऊ लागल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे हा उपास ग्रंथीचा, व्रताचा नव्हे. “बघा, आई अशी असावी” असा धडा मुलांना यातून देऊ नका. सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणाऱ्या आया आपल्या घरांत काय कमी आहेत? मुलांना सरळ सांगावे, की याचा जन्मच एवढा. तुझी जवळीक जमेपर्यंत तो जायचा.

मग करावे काय?

माझ्या मते, नाही म्हणावे. पण कारणे सांगून. ‘घाण नको घरात’ म्हणून मुलाचे कुतूहल मारू नये. मुंबईच्या आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला उरलेल्या डबक्यांत ऑक्टोपस दिसतात. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून लोकांना असे किनारे दाखवत आला आहे. ओहोटीची वेळ पाहून, पक्क्या चपला घालून, जाणत्या माणसाबरोबर जावे. हात मात्र कशालाही लावू नये. हिंदी आणि प्रशांत महासागरांत निळ्या कड्यांचा एक इवलासा ऑक्टोपस असतो, त्याच्या विषावर उतारा नाही.

एखादा दिसलाच, तर गप्प उभे राहून पाहावे. खडकाच्या रंगात रंग मिसळून तो क्षणात नाहीसा होतो. टाकी नको, यंत्र नको, आणि त्याचे घरही त्याच्याजवळच राहते.