मॅजिकमधलं प्रत्येक 'माउंटन' बेसिक लँड नसतं!

मोबाइलवर 'मॅजिक: द गॅदरिंग अरीना' खेळताना एकदा मी जवळजवळ बग रिपोर्ट पाठवणारच होतो. माझ्याकडे 'इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स' होतं. ते वापरून डेकमधून 'स्टीम व्हेंट्स' काढायचं, म्हणजे निळा किंवा लाल, हवा तो माना मिळेल, असा प्लॅन. पण स्टीम व्हेंट्स निवडताच येईना! कार्डावर तर स्वच्छ लिहिलंय, आयलंड आणि माउंटन. मॅच गेली. नंतर नियम वाचले तेव्हा कळलं, बग माझ्याच डोक्यात होता.

नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. मॅजिक हा १९९३ पासून चालू असलेला, रिचर्ड गारफिल्डने बनवलेला कार्डांचा खेळ. बहुतेक कार्डं खेळायला 'माना' लागतो आणि तो मुख्यतः लँडमधून येतो.

आता साधं फॉरेस्ट कार्ड बघा. चित्राखाली ओळ असते: 'बेसिक लँड — फॉरेस्ट'. तीन शब्द, तिघांची कामं वेगळी. 'लँड' हा कार्डाचा प्रकार, 'फॉरेस्ट' हा उपप्रकार, आणि 'बेसिक' हे नुसतं लेबल. त्या लेबलमुळे माना मिळत नाही. एरवी एका नावाची चारच कार्डं डेकमध्ये चालतात. बेसिक असेल तर कितीही घ्या.

माना मिळतो तो उपप्रकारामुळे. प्लेन्स पांढरा देतं, आयलंड निळा, स्वॉम्प काळा, माउंटन लाल आणि फॉरेस्ट हिरवा. यातला शब्द त्या ओळीत आला की ती क्षमता आपोआप येते, कार्डावर वेगळी लिहायची गरज नाही. गोंधळ असा की नियमांत या पाचांना 'बेसिक लँड टाइप्स' म्हणतात. आमच्या टीममध्ये कोणी असं नाव दिलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्येच परत पाठवलं असतं.

स्टीम व्हेंट्सवर लिहिलेलं असतं 'लँड — आयलंड माउंटन'. 'बेसिक' नाहीच. इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स बेसिक लँड मागतं, म्हणून नकार. 'स्काल्डिंग टार्न' मात्र फक्त आयलंड किंवा माउंटन मागतं, त्यामुळे त्याला स्टीम व्हेंट्स चालतं. म्हणून तर लोक त्याच्या मागे असतात.

खरी मजा 'ब्लड मून'मध्ये आहे. १९९४ चं हे कार्ड एवढंच म्हणतं: बेसिक नसलेली सगळी लँड्स माउंटन आहेत. असं झालं की लँडचे जुने उपप्रकार आणि कार्डावर लिहिलेल्या क्षमता दोन्ही जातात, उरतो फक्त लाल माना. समोरच्याचा तीन रंगांचा डेक जागेवर बसतो. पण लँड माउंटन झालं तरी बेसिक होत नाही! म्हणजे बेसिक नसलेली लँड्स मोजून डॅमेज देणारं 'प्राइस ऑफ प्रोग्रेस' त्यालाही मोजतंच.

याउलट 'अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ' सगळ्या लँड्सना स्वॉम्प करतं, पण 'आधीच्या प्रकारांसोबत'. त्यामुळे कोणाचं काही जात नाही, काळा माना वर मिळतो.

आणि दोन्ही एकाच वेळी टेबलावर आली तर? ब्लड मून जिंकतं, आधी कुठलंही आलेलं असो. कारण अर्बोर्ग स्वतःच बेसिक नसलेलं लँड आहे. त्याचंच माउंटन होतं आणि इतरांना स्वॉम्प करण्याची क्षमता उरतच नाही.