‘फेलिसिटी’ : स्वातंत्र्यकल्पनेची कक्षा

व्हॅलरी ट्रिप यांच्या बालकथांवर आधारलेला व नादिया टास यांनी दिग्दर्शित केलेला ‘फेलिसिटी : ॲन अमेरिकन गर्ल ॲडव्हेंचर’ हा दूरचित्रपट २००५ मध्ये प्रसारित झाला. त्याचे कथानक व्हर्जिनिया वसाहतीची तत्कालीन राजधानी विल्यम्सबर्ग येथे, १७७५ च्या सुमारास घडते. कुलीन स्त्रियांसाठी ठरविलेल्या शिष्टाचारांत न रमणारी फेलिसिटी क्रूर मालकाच्या तावडीतून एका घोडीची सुटका करते. ब्रिटिश कराच्या निषेधार्थ तिचे वडील चहाची विक्री थांबवितात, तेव्हा तीही चहा नाकारते. राजकीय बहिष्कार सभागृहाइतकाच घरातील चहापानाच्या प्रसंगीही घडतो, हे येथे प्रत्ययास येते.

तथापि, त्याच नगरात निम्म्याहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय होते व त्यांपैकी बहुतेक गुलामगिरीत होते. नोव्हेंबर १७७५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी बंडखोरांच्या ज्या गुलामांनी ब्रिटिश सैन्यात दाखल होऊन शस्त्र हाती घेतले, त्यांना मुक्ती देण्याचे घोषित केले. म्हणजे, मेरिमन कुटुंबाला जी सत्ता जाचक वाटत होती, तीच इतर काहींना मुक्तीचे आश्वासन देत होती. म्हणूनच अध्यापनात हा चित्रपट आणि डनमोर यांचा जाहीरनामा एकत्र अभ्यासल्यास ‘स्वातंत्र्य कोणाचे?’ हा मूलभूत प्रश्न विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे उभा राहतो.