टाकीतील गुणगुण

कर्जाचा शेवटचा हप्ता फिटून वर्षे उलटली, तरी त्या कर्जावर घेतलेली पहिली मोटार अनेक दारांत अजूनही उभी आहे. २००० साली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात युरो-२ च्या तोडीचे प्रदूषण-निकष लागू झाले. त्याच सुमारास मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीतही कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय प्रणाली आली. त्या पिढीतील गाडी एखाद्या सकाळी स्टार्टर फिरूनही सुरू होत नाही, तेव्हा गॅरेजमधील उत्तर बहुधा तयारच असते : पंप गेला. टाकीतील हा विजेवर चालणारा पंप स्वस्त नाही, त्यावर मजुरी वेगळी. आणि एवढा खर्च करूनही गाडी जागची न हलल्याचे प्रसंग थोडे नाहीत.

खरे तर पहिली परीक्षा फुकट आहे. स्टार्टर न फिरवता किल्ली केवळ 'ऑन' करावी व कान मागच्या आसनाकडे लावावा. दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण येते आणि थांबते. गाडीतील संगणक तेवढ्या वेळात नळीत दाब भरून घेतो. इंजिन फिरत नसेल तर पंप बंद करतो, जेणेकरून अपघातानंतर पेट्रोल वाहत राहू नये.

गुणगुण आली नाही, तर आधी फ्यूज व रिले पाहावेत. हॉर्नचा रिले त्याच जातीचा असल्यास घटकाभर अदलाबदल करून पाहता येते. त्यानंतर मल्टिमीटरने पंपाच्या जोडणीत, त्याच दोन-तीन सेकंदांत, बॅटरीइतका दाब पोहोचतो का आणि अर्थिंगची तार गंजलेली नाही ना, हे तपासावे. वीज पूर्ण व अर्थिंग निर्दोष असूनही पंप मुका राहिला, तरच तो दोषी.

आवाज आला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही. मोटर फिरते, एवढेच त्यावरून कळते. इंधनाचा दाब गेजनेच मोजावा लागतो. अशा बहुतेक गाड्यांत तो साधारण तीन बारच्या आसपास असतो, नेमका आकडा सर्व्हिस पुस्तिकेत मिळतो. दाब कमी भरल्यास तुंबलेला फिल्टर आणि दाब-नियंत्रक यांची चौकशी आधी व्हावी. नळी सोडविण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. तापलेल्या इंजिनावर दाबाखालील पेट्रोल उडणे म्हणजे आगीला आमंत्रण.

सर्वांत फसवी तक्रार घाटातली. तापलेली गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने निमूटपणे सुरू होते. झिजलेला पंप असे करतो, हे खरे. परंतु उष्णतेने बिघडणारा क्रँक वा कॅम सेन्सरही हेच करतो. त्याचा संकेत तुटला की संगणक पंपही थांबवतो, आणि आळ पंपावर येतो. म्हणून गाडी बंद असतानाच जाणकाराकडून ठिणगी तपासून घ्यावी. ठिणगीही नसेल तर शोध सेन्सरपासून सुरू करावा. ठिणगी आहे पण दाब नाही, तर पंपाकडे वळावे.

पंपाची मोटर भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहते, त्यामुळे टाकी सदैव तळाशी ठेवण्याची काटकसर अखेर महागच पडते. शिवाय आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वायसर घडविलेले नव्हते. फिल्टर बदलतानाच त्यांचीही पाहणी करून घ्यावी.