कॉलेजचा खर्च : आधी हिशेब, मग प्रवेश



पावसाळा तोंडावर आला की शेतकऱ्याच्या घरात पैशाला दोन वाटा फुटतात. एक वाट बी-बियाणे, खते आणि मजुरीची. दुसरी बारावी झालेल्या मुलामुलींच्या कॉलेजची. सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे हाती येणार, उसाचे बिल त्याही पुढे. म्हणजे फी भरायची वेळ येते ती नेमकी घरात पैसा नसतो तेव्हा. अशा वेळी घाईने कोणी एकरभर रान गहाण टाकतो, कोणी दावणीची दुभती म्हैस विकतो, कोणी सावकाराकडे जातो. आणि पुष्कळदा मागाहून कळते, की त्यातला बराच खर्च टाळता आला असता.

पेरणीपूर्वी आपण जमिनीचा कस पाहतो, पाण्याचा अंदाज घेतो, एकरी खर्च मांडतो. मुलाच्या शिक्षणावर होणारा खर्च एखाद्या हंगामाच्या कितीतरी पट असतो. तो मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा रंगीत जाहिरातीवरून करतो. हे थांबले पाहिजे.

कोणत्या दाराने आत जाता?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना आत जाण्याची दोन दारे आहेत. पहिले दार सीईटी परीक्षा देऊन शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून जाते. दुसरे दार संस्थेच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या कोट्याचे. फीमाफी आणि शिष्यवृत्तीच्या राज्याच्या प्रमुख योजना पहिल्या दाराने जाणाऱ्यासाठी आहेत. दुसऱ्या दाराने गेलात, की घर कितीही गरीब असले तरी त्या मदतीवर बहुधा पाणी सोडावे लागते.

प्रवेशाच्या दिवसांत गावोगाव फिरणारे दलाल नेमके हेच सांगत नाहीत. “दोनच जागा उरल्यात, आज टोकन भरा, शिष्यवृत्तीचे नंतर बघू,” ही त्यांची भाषा. अशा माणसाच्या हाती एक रुपयाही देऊ नका. फेऱ्या एकाहून अधिक होतात. पहिल्या फेरीत नाव लागले नाही म्हणून सगळे संपले असे नाही. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. तिच्यावर देणगी मागणे १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. जो पैसा द्याल त्याची पावती घ्या. पावती मिळत नसेल, तर तो पैसा देऊ नका.

फी म्हणजे सगळा खर्च नव्हे

कॉलेज निवडताना आपण फी तेवढी विचारतो. खरा खर्च खोली, खानावळ, पुस्तके आणि प्रवास यांत असतो. एक उदाहरण मांडून पाहू. समजा, दोन कॉलेजांची फी सारखीच, वर्षाला ८० हजार आहे. पहिले मोठ्या शहरात. तेथे राहण्या-जेवणाचा व जाण्यायेण्याचा खर्च वर्षाला ९० हजार. दुसरे जिल्ह्याच्या गावी. तेथे वसतिगृह आणि मेस धरून ४० हजार. पहिल्याचा वर्षाचा खर्च १ लाख ७० हजार, चार वर्षांचा ६ लाख ८० हजार. दुसऱ्याचा वर्षाचा १ लाख २० हजार, चार वर्षांचा ४ लाख ८० हजार. फी एकच, पण फरक २ लाखांचा!

तेव्हा वहीचे एक पान घ्या. एका रकान्यात फी, दुसऱ्यात वसतिगृह, तिसऱ्यात मेस, चौथ्यात पुस्तके व प्रवास लिहा. बेरीज एका वर्षाची नव्हे, शिक्षण पुरे होईपर्यंतची करा. शक्य असेल तर कॉलेज प्रत्यक्ष पाहून या. तेथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलांना गाठा. मेस कशी आहे, तास होतात का, शिष्यवृत्ती वेळेवर येते का, हे माहितीपुस्तकापेक्षा ती मुले खरे सांगतील.

मदत कोणती मिळते?

कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या प्रवर्गातील मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. मुलींच्या बाबतीत शासनाने जुलै २०२४ मध्ये मोठा निर्णय घेतला. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीभूत फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना हा निर्णय लागू नाही, हे ध्यानात ठेवा. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे.

राहण्या-जेवणासाठीही मदत आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वयं आणि इतर मागासवर्गीयांना आधार योजना आहे. बारावीला उत्तम गुण मिळवणाऱ्यांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती असते. राज्याच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो आणि तो दर वर्षी नव्याने करावा लागतो. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरला, तर मदत तेथेच तुटते.

एक सावधगिरी बाळगा. विकास शुल्क, अनामत, मेस हे शिक्षण शुल्कात येत नाही. आणि मंजूर झालेला पैसाही उशिरा हाती येतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांची तजवीज घरातून ठेवावीच लागते.

कागदपत्रे अकरावीतच

पात्र असूनही मदत हुकते ती बहुधा कागदापायी. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अल्पभूधारक असल्याचा दाखला आणि मुलाच्या नावाचे आधारशी जोडलेले बँक खाते, हे सर्व लागते. जात वैधता प्रमाणपत्राला महिनोन् महिने लागू शकतात. त्याचा अर्ज मूल अकरावीत असतानाच करा. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि सातबाऱ्यावर नाव वेगवेगळे असेल, तर ती दुरुस्ती आधी उरकून घ्या. सातबारा व आठ-अ जपून ठेवा. अल्पभूधारकाच्या दाखल्याला तेच लागतात. घरातल्या बायांनी हे काम हाती घ्यावे. सगळे कागद एका पिशवीत, प्रत्येकाच्या चार प्रती काढून ठेवल्या, की ऐन पेरणीत तालुक्याच्या खेपा वाचतात.

कर्ज काढायचेच झाले तर

सोसायटीचे पीककर्ज फीमध्ये घालू नका. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तरच बिनव्याजी पडते. ते फीत गेले, पीक पैशावाचून अडले आणि परतफेड चुकली, म्हणजे व्याजाची सवलतही गेली आणि पुढचे कर्जही अडले. शिक्षणासाठी शैक्षणिक कर्जच काढावे. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नसते. म्हणजे तेवढ्यासाठी जमिनीवर बोजा चढवण्याचे कारण नाही. हप्ते सामान्यतः शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते, म्हणून जमेल तेव्हा व्याज तरी भरत जा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली आहे. ठरवून दिलेल्या दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तीतून तारण व जामिनाशिवाय कर्ज मिळते. बँकेत त्याची चौकशी करा.

ज्यांची मुले अजून लहान आहेत, त्यांनी माल विकल्यावर थोडी रक्कम पोस्टात टाकण्याची सवय लावावी. दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते वर्षाला २५० रुपयांपासून चालते आणि उच्च शिक्षणासाठी त्यातली निम्मी रक्कम काढता येते.

सरळ वाट एकच नव्हे

प्रत्येक मुलाने बारावीनंतर शहरातच गेले पाहिजे असे नाही. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात पदविका घेतली, तर पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. पदविकेनंतर नोकरी करून पैसा साठवून पुढे शिकणारेही आहेत. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बी. एस्सी. किंवा बी. कॉम. कमी खर्चात होते; मूल एस. टी. च्या सवलतीच्या पासावर जाऊन-येऊन शिकते. शेत सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांना नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून खुले आहे. पुष्कळ कॉलेजांत ‘कमवा व शिका’ योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकण्याची रीत घालून दिली. कॉलेजच्या बागेत किंवा ग्रंथालयात दोन तास काम करण्यात कसलाही कमीपणा नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. मुलासाठी रान विकणारे घर मुलीला मात्र “बारावी झाली, पुरे” म्हणून थांबवते. आजच्या नियमांत मुलीचे व्यावसायिक शिक्षण पुष्कळ घरांत मुलापेक्षा स्वस्त पडते. वहीत हिशेब मांडाल तेव्हा तिच्या नावाचेही एक पान काढा आणि बेरीज झाल्यावर घरातल्या सर्वांनी ते पाहावे.

मूल अकरावीत असेल तर या महिन्यात कागद गोळा करा. बारावीत असेल तर चार कॉलेजांचा खर्च लिहून काढा. आणि फेरीत नाव लागेपर्यंत कोणाच्याही हातात पैसे देऊ नका.