वेदनाशमन आणि कायद्याचे भय

मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकते. तिच्यापासून मिळणारे मॉर्फिन मात्र या देशातील कर्करुग्णाच्या उशाशी क्वचितच पोचते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे जंजाळ उभे केले. २०१४ च्या दुरुस्तीने ते बरेच सैल झाले. तरी डॉक्टर व औषधविक्रेते यांची धास्ती सरलेली नाही.

या धास्तीपोटी सौम्य समजले जाणारे ट्रॅमाडॉल पुढे केले जाते. वस्तुतः त्याचेही व्यसन लागते. म्हणूनच २०१८ मध्ये तेही या कायद्याच्या कक्षेत आले. कोडीन मुख्यतः शरीरात त्याचे मॉर्फिन झाल्यावरच गुण देते, आणि काहींच्या यकृतात हे रूपांतर नीट होतच नाही. त्वचेवर लावायची फेन्टॅनिलची पट्टी तीन दिवस पुरते, पण महाग पडते. मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त. ती दर चार तासांनी घ्यावी लागते व बद्धकोष्ठावर उपाय योजावा लागतो.

अमेरिकेत पाठदुखीसारख्या जुनाट दुखण्यांवरही ऑक्सिकोडोन सर्रास दिले गेले आणि अनर्थ ओढवला, हे खरे. परंतु त्यातून तारतम्य शिकावयाचे की मरणासन्न माणसाला तळमळत ठेवावयाचे? प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन मिळणे हा रुग्णाचा हक्कच मानला पाहिजे.