दप्तर टिकविणारी मुक्त कार्यालयीन प्रणाली

ग्रामपंचायतीची पन्नास वर्षांपूर्वीची जन्म-मृत्यूची नोंदवही उघडली, तर शाई फिकट झालेली असली तरी नोंद वाचता येते. शाळेच्या जनरल रजिस्टरचेही तसेच आहे. संगणकावरील दप्तराविषयी मात्र अशी खात्री देता येत नाही. वीस वर्षांपूर्वी संगणकावर टंकलिखित केलेले सभेचे इतिवृत्त आज उघडावे, तर पुष्कळदा मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. दप्तर हाती आहे, पण वाचता येत नाही, अशी ही अवस्था होय. सार्वजनिक कागदपत्रे दीर्घकाळ वाचनीय राहावीत, या दृष्टीने मुक्त कार्यालयीन प्रणालींचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

मोफत आणि मुक्त

हे दोन शब्द उच्चाराने जवळचे असले तरी अर्थाने भिन्न आहेत. एखादी प्रणाली मोफत मिळते, परंतु तिची रचना गुप्त असते व वापरावर बंधने असतात. मुक्त प्रणालीच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांना उपलब्ध असतो. ती कोणत्याही कामासाठी वापरणे, अभ्यासणे, तिच्या प्रती वाटणे आणि तीत सुधारणा करणे, ही चारही स्वातंत्र्ये वापरकर्त्यास असतात. या विचाराचा पाया अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली घातला.

लिबरऑफिसची वाटचाल

आज सर्वपरिचित असलेली अशी प्रणाली म्हणजे लिबरऑफिस. तिचे मूळ ‘स्टारऑफिस’ या जर्मन प्रणालीत आहे. 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली व 2000 मध्ये तिची आज्ञावली खुली केली. 2010 मध्ये सन कंपनीची मालकी बदलल्यावर अनेक कार्यकर्त्यांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था उभारून लिबरऑफिस या नावाने काम पुढे चालू ठेवले. मालक बदलला तरी काम थांबले नाही, याचे कारण आज्ञावली खुली होती. पत्रलेखनासाठी ‘रायटर’, हिशेब व तक्त्यांसाठी ‘कॅल्क’ आणि सादरीकरणासाठी ‘इम्प्रेस’ हे तिचे प्रमुख भाग होत. विंडोज व लिनक्स या दोहोंवर ती चालते आणि तिच्या पडद्यावरील सूचना मराठीतही पाहता येतात.

लाभ कोणते?

पहिला लाभ खर्चाचा. प्रत्येक संगणकामागे परवाना शुल्क द्यावे लागत नाही. एका शाळेत दहा संगणक असोत की चाळीस, तीच प्रत सर्वांवर कायदेशीरपणे बसविता येते.

दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. लिबरऑफिसमधील मजकूर ‘ओपन डॉक्युमेंट’ या स्वरूपात साठविला जातो. या स्वरूपाला 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याची रचना प्रसिद्ध असल्याने उद्या एखादी कंपनी बंद पडली, तरी ती फाइल वाचणारी दुसरी प्रणाली तयार करता येते. नागरिकाला सार्वजनिक कागद वाचण्यासाठी विशिष्ट कंपनीची वस्तू विकत घ्यावी लागत नाही.

केंद्र शासनाने 2010 मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे आणि 2015 मध्ये मुक्त-स्रोत प्रणालींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. केरळमधील शाळांत संगणक शिक्षण मुक्त प्रणालींच्या आधारे दिले जाते. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने 2024 मध्ये सुमारे 30,000 शासकीय संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय घेतला.

सावधगिरी आवश्यक

हा बदल विनासायास होतो, असे मात्र समजू नये. जर्मनीतीलच म्युनिक महानगरपालिकेने सुमारे 15,000 संगणक मुक्त प्रणालीवर आणले. परंतु 2017 मध्ये परत फिरण्याचा निर्णय घेतला. अन्य कार्यालयांशी फाइलींची देवघेव आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी हे तेथील वादाचे विषय होते. दुसऱ्या प्रणालीत तयार केलेल्या गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी लिबरऑफिसमध्ये कधी कधी विसकटते व त्यांतील स्वयंचलित आज्ञा चालतीलच असे नाही. परवान्याचा खर्च वाचला, तरी प्रशिक्षणासाठी तरतूद करावीच लागते.

तसेच जुन्या मराठी टंकांचा प्रश्न केवळ प्रणाली बदलून सुटत नाही. ते टंक रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असल्याने तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मुळाशी ताडून पाहावा लागतो. नवा मजकूर आरंभापासून युनिकोडमध्येच लिहिणे हा त्यावरील खरा उपाय होय.

आरंभ कसा करावा?

जुनी प्रणाली एकदम काढून टाकण्याची आवश्यकता नाही. दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर नांदू शकतात. प्रथम सभेची सूचना, इतिवृत्त, शाळेचे निकालपत्रक यांसारखी साधी कामे लिबरऑफिसमध्ये करून पाहावीत. महत्त्वाच्या फाइली खुल्या स्वरूपात साठवून त्यांच्या प्रती अन्यत्रही ठेवाव्यात. हात बसल्यावर मोठ्या कामांकडे वळावे. आज लिहिलेला ठराव गावाच्या पुढील पिढीलाही उघडून वाचता आला, तर या थोड्या परिश्रमांचे चीज झाले असेच म्हणावे लागेल.