जुन्या गावाचं चित्र आणि हजार तुकडे: जिगसॉ पझलमागचा धंदा समजून घ्या



आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी विचारलं, "सर, नेटवर समुद्रकाठच्या गावाचं एक मस्त जुन्या वळणाचं चित्र सापडलंय. २०० पझल छापायला टाकू का? ॲडव्हान्स उद्या द्यायचाय." मी म्हटलं, "ताई, थांबा. आधी चित्र कोणाचं ते बघू." चित्र निघालं चार्ल्स वायसॉकी यांचं.

वायसॉकी (१९२८–२००२) हे अमेरिकन चित्रकार. सुरुवातीला जाहिरातींसाठी चित्रं काढायचे. पुढे त्यांनी लोककलेच्या साध्या, सपाट शैलीत जुन्या न्यू इंग्लंडची गावं रंगवली. दीपगृह, शिडाची जहाजं, लाकडी घरं, घोडागाड्या. ही चित्रं कॅलेंडरवर आली, पझलवर आली. बफेलो गेम्स ही अमेरिकन कंपनी आजही त्यांच्या चित्रांची पझल विकते. चित्र एकच, पण कमाईचे रस्ते अनेक. यालाच म्हणतात लायसन्सिंग.

असंच चित्र का चालतं?
एक, आठवणी. माणूस फक्त पुठ्ठा विकत घेत नाही, निवांत गाव विकत घेतो. दोन, बारकावे. प्रत्येक घराचा रंग वेगळा, दुकानावर पाटी, अंगणात मांजर. त्यामुळे तुकडा हातात घेतला की तो कुठला, याचा अंदाज येतो. अर्धं चित्र नुसतं निळं आभाळ असेल तर गिऱ्हाईक कंटाळतं.

हिशोब कसा?
पुठ्ठ्यावर चित्र चिकटवायचं आणि स्टीलच्या पात्यांच्या डायने एका दाबात कापायचं. डायचा खर्च एकदाच. समजा डाय ३०,००० रुपयांची. ३०० बॉक्स काढले तर बॉक्समागे १०० रुपये, ३,००० काढले तर फक्त १०. आणि साइझ तीच ठेवली तर तीच डाय दुसऱ्या चित्रालाही चालते. धार जाईपर्यंत वापरा!

आता कळीचा मुद्दा.
नेटवर दिसलं म्हणजे फुकट नाही. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे वायसॉकींच्या चित्रांचा २०६२ संपेपर्यंत. परवानगीशिवाय छापलं तर माल जप्त होऊ शकतो, केस होऊ शकते. भांडवल गेलं आणि नावही गेलं.

मग उपाय काय? जिवंत कलाकाराशी लेखी करार करा. समजा होलसेल भाव ३०० आणि रॉयल्टी ८ टक्के, तर बॉक्समागे २४ रुपये. ५०० बॉक्सचे १२,०००. एवढ्यात रात्रीची झोप शांत लागते!

ताईंनी ॲडव्हान्स थांबवला. आता त्या मालवणकडच्या एका चित्रकाराशी बोलतायत. होड्या, कौलारू घरं, रापण ओढणारी माणसं. चित्र आपलं, आठवणीही आपल्याच.

तुमचा गृहपाठ: तुमच्या गावाचं कुठलं चित्र लोक हजार तुकड्यांतून जोडत बसतील? आज वहीत लिहा. आणि ते काढणाऱ्या कलाकाराला उद्याच फोन करा.